सीटखालचा सायलेन्सर

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. विषय निघाला की मी उठायचो आणि उगाच पाना शोधत बसायचो. आता वय झालं, छातीत धडधडतं, आणि हे पोटात ठेवूनच गेलो तर काय, या भीतीने झोप लागत नाही, म्हणून तुम्हाला लिहून घ्यायला बोलावलं.

माझा जन्म समुद्राकाठच्या आगर गावचा. वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. होडीत धुराचा पाइप लाकडाला खेटून जातो, म्हणून वडील त्याला न जळणारी जाड दोरी गच्च गुंडाळायचे आणि म्हणायचे, आधी उष्णता कुठे जाणार ते बघ, मग पाइप बसव. मी दहा वर्षांचा असेन तेव्हा. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पुढे मी उधव्याला मोटरसायकलींचं गॅरेज टाकलं. दहा-बारा वर्षांपूर्वी पोरं मोबाइलवर परदेशी गाड्या दाखवायला लागली, सायलेन्सर बाजूला नाही, सीटखालून मागे निघालेला. मिस्त्री, आमच्या गाडीला असं करून द्या. मी दोन-चार करून दिल्या. खोटं कशाला बोलू, त्याचे फायदे आहेत. दगडाला घासत नाही, ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असलं तरी नळीत शिरत नाही, मागे बसणाऱ्याची पोटरी भाजत नाही, आणि दिसतो झकास. पण सगळी धग सीटखाली कोंडते, मागच्या दिव्याच्या वायरी वितळतात, वजन वर गेल्याने गाडी डुलते. आणि मागे काही बांधलं तर ते नळीच्या तोंडावर येतं. कारखान्यातूनच तशी बनून आलेल्या गाडीला त्यासाठी जागा सोडलेली असते, आड पत्रा असतो. आम्ही काय, कापायचं आणि वेल्डिंग मारायचं.

काशिनाथ जवळच्याच पाड्यावरचा. थोडी भातशेती, दिवाळीनंतर गवत कापायचं. त्याची बायको जानकी गाडीवर एका बाजूला बसायची, तिची पोटरी सायलेन्सरला लागून भाजली होती. दोघं गॅरेजवर आली. तो हसत म्हणाला, मिस्त्री, हिला भाकरी समजून शेकली माझ्या गाडीने. ती म्हणाली, काका, याला सांगा, परत डाग दिला तर माहेरी पायी जाईन, हा एकटा बसेल गाडीला कुरवाळत. सगळे हसले. मीही हसलो.

मी सायलेन्सर वर घेतला. आड पत्रा घातला तर सीटचं लॉक बसेना. दोनदा ठोकून बघितलं, नाही बसलं. पत्रा काढला, लॉक बसलं. गाडी हायवेपर्यंत फिरवून आणली तर सीट इतकी तापली की मी उभा राहून चालवत आलो. सांगायला हवं होतं. मागे ओझं बांधू नको एवढं तरी सांगायला हवं होतं. पण मग तो म्हणाला असता, गवत काय डोक्यावर नेऊ, आणि काम परत उघडावं लागलं असतं. तो समोर उभा राहून नळीवरून फडकं फिरवत होता, नवरदेवाची गाडी असल्यासारखा. मी पैसे मोजून घेतले आणि किल्ली दिली.

त्या हिवाळ्यात भर दुपारी ओरडा झाला. काशिनाथची गाडी पेटली. मागे गवताचे भारे, मध्ये जानकी. काय सांगू तुम्हाला, मी धावत गेलो तेव्हा तो नुसत्या हातांनी तिच्या पाठीवरची आग विझवत होता. तिला दवाखान्यात नेलं आणि गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आणली. हवालदार येईल, माझं काम बघेल, मला घेऊन जाईल, एवढंच डोक्यात. मी शटर ओढलं, नळी कापली, भंगारात खाली दाबली. तेवढ्यात बाहेर लोक विचारायला लागले, मिस्त्री, पेटलीच कशी? माझ्या तोंडून गेलं, बिडी पितो ना तो?

बस, एवढंच. पुढचं लोकांनी केलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्यात झालं, काशिनाथच्या बिडीने बायको जळली. हवालदारानेही तेच लिहिलं.

तो महिन्याने आला, हातांना पट्ट्या. म्हणाला, मिस्त्री, भारे बांधताना मी बिडी प्यायलो, पण ती विझवली होती, पायाखाली चिरडली होती, मला आठवतंय. तुम्ही जाणते आहात, तुम्ही सांगा. मला वाटलं, हा आत्ता कोपऱ्यातल्या गाडीच्या सीटखाली बघेल, विचारेल नळी कुठे गेली. मी म्हणालो, ठिणगी राहते रे कुठेतरी. त्याने मान हलवली. त्याला पटलं. स्वतःच्या पायाखाली चिरडलेली बिडी त्याने माझ्या शब्दाखातर पेटती मानली.

त्यानंतर त्याने बिडी सोडली. जानकी वाचली, पण परत त्याच्या गाडीवर बसली नाही. बाजाराला तो दुरुस्त केलेली गाडी हातात धरून चालायचा आणि ती चार पावलं मागे. मी दुकानातून बघायचो आणि आत जायचो. मी पुन्हा तसला सायलेन्सर केला नाही. आजही कुणाच्या गाडीमागे गवत दिसलं की मी रस्त्यात आडवा जाऊन वाकून बघतो. लोक हसतात.

मागच्या पावसाळ्यात काशिनाथ तापाने गेला. त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी ठरवून गेलो. आज सांगायचंच. जानकी भात पाखडत होती. बसा काका म्हणाली, पाणी दिलं. मी म्हणालो, जानकी, त्या दिवशी जे झालं ना… तर तीच बोलायला लागली. म्हणाली, काका, शेवटच्या दिवशी त्याने हात जोडले. म्हणाला, माझ्या बिडीने तुझं वाटोळं केलं, मला माफ कर. मी म्हटलं, केलं रे माफ, कधीच केलं, आता शांत पड. तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले.

तिची ती एक समाधानाची गोष्ट उरली होती, तीही मी मोडू? की तिच्या शिव्यांना घाबरलो? घाबरलोच. दुसरं काही नाही. पाणी प्यायलो, उठलो. ती दारापर्यंत आली.

तुम्ही लिहून घ्या आणि तिला वाचून दाखवा. माझ्याच्याने होत नाही. जानकी, तुझ्या नवऱ्याने बिडी विझवली होती. आग माझ्या कामाने लागली, आणि मी त्याला ते सांगितलं नाही. मला माफ कर… नाही, ते खोडा, ते मागायला मला तोंड नाही.