खालच्या आळीचा अंतरपाट

आजच्या सत्कार समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या गावच्या सरपंच माननीय सिंधूताई, प्रमुख पाहुणे निवृत्त मुख्याध्यापक महादेवराव सर, हार घालून संकोचून बसलेली माझी आत्या गोजरबाई, आणि एवढ्या उन्हात आलेल्या बंधुभगिनींनो,

कौतुकाआधी एक दुरुस्ती करू द्या. जुन्या वस्तूंची पारख करणाऱ्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात मी सांगितलं, की हा रेशमी अंतरपाट माझ्या पणजोबांनी आणला. तुम्ही टाळ्या वाजवल्या. पण ते चूक होतं. "कुणाचा?" असं विचारलं आणि त्याची पेटी आमच्या घरात असते, म्हणून मी "आमचा" म्हणून गेले. घरी येताच आत्या म्हणाली, "तुले कोणं सांगितलं आपला हाय म्हणून?"

शेजारच्या कौशल्याबाईंना मूलबाळ नव्हतं. आपल्या लग्नातला हा रेशमी शेला त्यांनी खालच्या आळीतल्या मुलींच्या लग्नात अंतरपाट म्हणून धरायला ठेवला आणि शेवटी माझ्या पणजीच्या हाती दिला. आम्ही फक्त राखणदार. आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मुलगी मी. माझं बोलणं लोक खरं धरतात. म्हणून ही दुरुस्ती माईकवरच करायला हवी होती.

आता त्या दिवसाचं सांगते. कार्यक्रमातल्या तज्ज्ञ बाईंनी पांढरे हातमोजे चढवले, तशी आत्या माझ्या कानात कुजबुजली, "हिच्या हाताले काही झालं का वं?" बाईंनी जरीचं काम पाहिलं, काठावरचे मोर पाहिले, आणि म्हणाल्या, सव्वाशे वर्षांचं विणकाम, आज चार लाख सहज येतील. आत्यानं मला असा चिमटा काढला! पुढे बाई हळहळल्या, की हे हळदीचे डाग नसते, तर किंमत आणखी वाढली असती.

आत्या सरळ म्हणाली, "डाग नसते तं आमच्या आळीतल्या पोरी बिनलग्नाच्या राह्यल्या असत्या, बाई."

ज्या आत्यानं चाळीस वर्षं कुणालाही नाही म्हटलं नाही, भांडण असलेल्या घरीसुद्धा अंतरपाट स्वतः नेऊन दिला, तिचा अभिमान मी शब्दांत कसा मांडू?

पण त्या चार लाखांनी एक घोटाळा केला. आमच्या शेजारच्या मोतीरामकाकांनी त्यांच्या मुलीच्या, छकुलीच्या लग्नात अंतरपाट म्हणून धरायला चिखलीहून नवं कापड आणलं. म्हणाले, "एवढी महागाची वस्तू माह्या मांडवात नको. डाग पडला तं मी कोठून भरू?"

आत्या ओट्यावरूनच ओरडली, "तुह्या लग्नात पडला होता, तवा भरला होता का बे?"

काका हसले, पण हटले नाहीत. संध्याकाळी छकुली आली. "ताई, आईच्या लग्नात तोच होता. मग माह्याच वेळी काऊन नाही?" खरं सांगायचं तर मीही घाबरले होते. काचेच्या चौकटीत ठेवावा, असं माझ्याही मनात आलं होतं. मी तज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रेशीम जीर्ण आहे. मागून सुती अस्तर लावा, ताणू नका, हात हलके ठेवा. अस्तर आत्यानं लावलं. मी विचारलं, तरीही फाटला तर? ती म्हणाली, "फाटला तं शिवू. पोरीचं मन फाटलं तं कायनं शिवशील?"

मोतीरामकाका, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. सगळ्यांच्या साक्षीनं सांगते: डाग पडो, धागा सुटो, तुमच्याकडे कुणी काही मागणार नाही. तो जितका आमचा, तितकाच तुमचा. मान हलवलीत, काका? मग ठरलं.

ग्रामपंचायतीनं आत्याचा हा सत्कार घडवला, त्याबद्दल आमच्या घराच्या वतीनं मनापासून आभार. बोलण्यात मानपानाची काही चूक झाली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर आपली लेक समजून पदरात घ्या. येत्या रविवारी, दहा मे रोजी, छकुलीच्या मांडवात अंतरपाटाचं एक टोक मी धरणार आहे.