कॉलरला राहिलेला माइक

भीती कशी असते ते मला विचारा. माझ्याशी तर ती थेट कानात बोललीय.

विद्यापीठात पत्रकारिता शिकत होतो तेव्हाची गोष्ट. वर्गातली सारिका आणि मी बिडकीनला एका प्लॉटिंगवाल्या भाऊंची मुलाखत घ्यायला गेलो होतो. मुलाखत संपली, तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला आणि ते उठून आत गेले. आमच्या विभागाचा वायरलेस माइक त्यांच्या कॉलरलाच राहिला आणि कॅमेऱ्याचा हेडफोन माझ्या कानावर.

कानात भाऊंचा आवाज आला, "कॉलेजची पोरं हायेत. शाळेच्या राखीव जागेचं लई खोदून विचारायलेत. बाहेर गाडी लावलीय, तिचा नंबर घेऊन ठेव. अन् गेट लाव."

मी घाईघाईने कॅमेरा स्टँडवरून काढायला लागलो.

सारिका म्हणाली, "काय झालं रे? पांढराफटक पडलास."

"बॅग उचल. निघायचं."

"अन् माइक? तो गेला तर सर सोलून काढतील."

"सर परवडले, तू चल!"

कॅमेरा छातीशी धरून अंगणात आलो, तर गेट बंद. कानात एकदम शांतता. मग कुणी कॉलर चाचपावी तशी खरखर झाली आणि अगदी कानाशी, मऊ आवाजात भाऊ बोलले, "काय बाळांनो, नीट ऐकू येतंय ना?"

भाऊ आत होते, त्यांना मी दिसतही नव्हतो. तरी मी मान हलवून हो म्हणालो.