हातभर जागा

...आणि वर तो गाडीवाला मलाच विचारतो, "आजोबा, मरायचंय का?" अरे, मरायचं असतं तर घरी खाटेवर मेलो असतो, चढावर एवढी पायडलं मारत कशाला आलो असतो? तुम्हाला सांगतो, मी रंगारी माणूस. हँडलला रंगाचा डबा, मागे ब्रशांची पिशवी, कडेकडेने मुकाट जातो. मागतो काय? हातभर जागा! बंगला नाही मागत!

पण नाही. परवा एकाच्या आरशाने कोपर सोलून काढलं. मुलगा म्हणाला, "बाबा, पुन्हा काही झालं तर सायकल भंगारात." बायको म्हणाली, "अहो, ऐका त्याचं." सुनेने मलम जरा जोरातच चोळलं. सायकल गेली तर कामावर काय उडत जाऊ? की घरात बसून दिवसभर टीव्हीवरची भांडणं बघू?

मग डोकं चालवलं. कॅरियरला आडवी काठी बांधली. केवढी? हातभर! टोकाला पिवळ्या ऑइलपेंटात बुडवलेला ब्रश. आणि काय सांगू... मांडीला घासून जाणाऱ्या गाड्या अशा लांबून जायला लागल्या, जणू मंत्रीच चाललाय! माणसाचं कातडं सोललं तर चालतं यांना, गाडीच्या रंगाला जपतात हो! मी आपला ऐटीत चाललोय, तेवढ्यात मागून सूं... चर्र! गेला एकजण घासून. नंबर बघितला का म्हणता? तोल सांभाळू की नंबर वाचू?

संध्याकाळी मुलगा तणतणत घरी. "बाबा, बाहेर येऊन बघा!" बघितलं. पांढऱ्याशुभ्र गाडीवर पुढच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंत पिवळी रेघ. खरं सांगू? आधी मनात आलं, काय सरळ आलीय!

"कुठलातरी वेडा म्हातारा, सायकलला काठी लावून..."

"चेहरा पाहिलास?"

"चेहरा कोण बघतं, बाबा? घाईत होतो, फोन चालू होता!"

"जागा किती सोडलीस?"

"मी कशाला सोडू? त्याने नको का बाजूला व्हायला?"

मी आत गेलो. दारामागची सायकल आणली, गाडीशेजारी उभी केली. ब्रश रेघेवर बरोब्बर टेकला. पोरगं मटकन पायरीवर बसलं. बायको म्हणाली, "अगं बाई!" सून आत गेली, टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं आणून नवऱ्याच्या हातात दिलं. "पुसा आता."

सायकल वाचली. पण आता काय झालंय... रोज सकाळी पोरगा गाडी घेऊन माझ्या मागे! माझ्याच वेगाने, दिवे लुकलुकवत, त्याच्यामागे सगळा रस्ता भोंगे वाजवतोय, आणि हा काच खाली करून ओरडतो, "बाबा, खड्डा! बाबा, वळण! बाबा, दमलात का?" हातभर मागितली होती हो, अख्खा रस्ता दिला, पण मान वर करायची सोय नाही! काल चढावर थांबलो, त्याला हात जोडले, सायकल टपावर बांधली आणि गाडीत जाऊन बसलो.

तर म्हणतो, "बाबा, पट्टा लावा!"