टाकीचं झाकण

अरे, परवा आमच्या सासऱ्यांवर असा भडकलो म्हणून सांगू! द्राक्षबागेत फवारणीची ऐन घाई, अन् जुन्या मिनी ट्रॅक्टरची रेस आपोआप चढायची, लगेच उतरून इंजिन बंद पडायला टेकायचं. मुरुम गावच्या मिस्त्रीनं डिझेलपंप खोलला, तरी फरक न्हाय. शेवटी डिझेल बघायला म्या टाकीचं झाकण काढलं, तर इंजिन एकदम सुरळीत! झाकण लावलं की पुन्हा तेच. उलटं करून बघतो तर झाकणातलं हवेचं भोक डांबरानं बुजवलेलं.

"हे कुणी केलं?"

सासरे ऐटीत म्हणाले, "म्या. पावसाचं पाणी जाईल म्हणून."

"मामा, मग टाकीत हवा कुठून जायची, अन् हवेबिगर डिझेल खाली कसं उतरायचं?"

"लोखंडाला कशाला हवा लागती?"

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "मग तुम्हीच नाक-तोंड दाबून ओढा की फवारणीचा टँकर!"