मोलगीचा स्विच सुरू आहे

मंडळी, काल दुपारी मोलगीत वीज गेली. पाऊण तासाने आली. दवाखान्यातला कॉम्प्युटर जोडणारा स्विच पुन्हा सुरू झाला आणि सगळं जसंच्या तसं चाललं. तिथल्या नर्स, सिस्टर वसावे, यांनी संध्याकाळी फोन करून मला हे सांगितलं.

शोकसभेत ही कसली बातमी, असं तुम्हाला वाटेल. पण मी बातमीदार माणूस. इतक्या जवळच्या माणसाबद्दल उभं राहून बोलायची सवय नाही. म्हणून जे पक्कं ठाऊक आहे, तिथून सुरुवात केली. आणि त्या स्विचचं काम आपल्या सुदामभाऊंचं होतं. शेवटचं.

कळसाडीहून आलेल्या नातेवाइकांनो, तुमचा सुदाम कॉम्प्युटरचं काहीतरी करायचा, एवढंच तुम्हाला माहीत. मलाही फार कळत नसे. मोलगीच्या दवाखान्यात एकच स्विच. चोवीस तारा लागतील असा चपटा डबा. नोंदणीचा कॉम्प्युटर, एक्स-रे आणि बाहेर बसलेल्या लोकांचे मोबाइल, सगळं त्याच डब्यावर. बाहेर लोक व्हिडिओ पाहायचे आणि आत एक्स-रेचा फोटो नंदुरबारच्या डॉक्टरांकडे जाता जात नसे. सुदामभाऊंनी त्याच डब्यात तीन व्हीलॅन केले. दहा नंबर नोंदणीला, वीस एक्स-रेला, तीस पाहुण्यांना. ते कसं, असं मी विचारलं.

“एक वावरमा तीन बांध घालनात,” ते म्हणाले. “यानं पानी त्याना वाफामा जावाले नको. आते समजनं का, पत्रकार?”

समजलं.

पण त्या दिवशी त्यांच्या हातून चूक झाली. शेवटची जीप निघत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सगळं चालू होतं, म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला. सेव्ह करायचं राहिलं. सेव्ह केलं नाही, तर वीज असेतो स्विचला सगळं आठवतं. वीज गेली की तो विसरतो. दुसऱ्या दिवशी वीज गेली. तिन्ही बांध फुटले. मांडीचं हाड मोडलेल्या एका बाईचा फोटो दुपारभर अडकून पडला.

सिस्टरांनी फोन केला. सुदामभाऊंनी वीजमंडळाला नावं ठेवली नाहीत, ड्रायव्हरलाही नाही. “चूक मन्ही शे,” म्हणाले. आणि पुन्हा निघाले.

निघण्याआधी माझ्याकडे आले.

“चाल ना मन्हा संगे. घाटमा बोलाले कोनी तरी पाहिजे.”

मी म्हणालो, “भाऊ, आज बातमी धाडनी शे.”

“तुन्ही बातमी! सकायले वाचतस, दुपारले तिन्हामा भजा बांधतस.”

आम्ही हसलो. ते एकटे गेले.

मंडळी, हा माणूस नेहमीच एकटा जायचा. कुणाच्याही कार्यालयात कुलूप उघडून त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत सोडायचे. काम बिघडलं तर त्यांचं नाव निघायचं. चाललं तर कोण विचारतो? आणि मी तरी काय केलं? रात्री त्यांचा फोन आला. “झाये,” एवढंच म्हणाले. सेव्ह केलं का, हे मी विचारलं नाही. जेवलात का, हेसुद्धा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ते वारले. घरी, एकटेच.

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. त्या चुकीची दुरुस्ती करायला हा माणूस घाट चढून गेला. तीच चूक पुन्हा झाली असेल तर? लोक त्यांना त्याच चुकीने ओळखतील. फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. उत्तराची भीती वाटायची. शेवटी सिस्टरांनीच फोन केला.

“दादा, लाइट गेली तरी काही बिघडलं नाही. दुसऱ्यांदा आले, त्या दिवशी त्यांनी स्वतःच दोनदा स्विच बंद करून पाहिला होता. मी चहा ठेवला होता, तो तसाच गार झाला. खोलीत त्यांच्यासोबत कोणीच नव्हतं ना, आठवण कोण करून देणार?”

मंडळी, हे वाक्य मी कालपासून घेऊन फिरतो आहे.

मोलगीच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीची जोडणी अजून बाकी आहे. सोमवारी अक्कलकुव्याची रेखा ती करायला जाणार आहे. या कामात ती नवी आहे. सुदामभाऊंना तिने कधी पाहिलं नाही. त्यांची कामाच्या नोंदींची वही मी तिच्याकडे दिली आहे. काम तिला येतं, ती ते करील. पण काम संपेपर्यंत त्या खोलीत कोणीतरी बसायला हवं. सोमवारी मी बसणार आहे. त्यापुढच्या कामांना तिच्यासोबत बसायला तुमच्यापैकी कोण जाईल, ते आज इथून उठण्याआधी मला सांगा.

आता उभे राहू या. सुदामभाऊ, तुम्हाला आमचा रामराम.