वीस लिटरचा जार

तुम्ही हसाल, पण हल्ली वर्गात "तपासून बघा" म्हणताना माझी जीभ अडखळते.

फैजपूरकडच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवतो. लिटरभर पाणी किलोभर भरतं का, हे पोरांकडून काट्यावर करून घेतलं आणि वर ऐटीत म्हणालो, "काट्यावर विश्वास ठेवायच्या आधी काटा तपासायचा."

झालं! पुढच्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या वैशालीच्या वावरात केळीची कापणी होती. घड कापून बांधावर मांडलेले, व्यापारी वजन करतोय, आणि हिनं पाण्याचा वीस लिटरचा भरलेला जार उचलून त्याच्या काट्यावर ठेवला. काट्यानं अठरा दाखवले.

"भाऊ, तुमचा काटा कमी दाखवतो."

व्यापाऱ्यानं काटा गाडीत टाकला आणि गाडी रिकामीच नेली. बाकीच्या व्यापाऱ्यांना त्याचे फोन गेले असावेत, कारण दुसरं कुणी फिरकलंच नाही. कापलेली केळी काय, थांबते थोडीच!

पिकून काळे पडायला लागलेले घड घेऊन तिचे वडील शाळेत आले.

"पोरांना वाटा, सर. पोरगीचं बरोबर व्हतं. पन पुढच्या कापणीला त्यालेच बोलवा लागीन."

परवा लंबकाचा प्रयोग होता. वैशालीनं स्टॉपवॉच हातात घेतलं, पण लंबक सोडलाच नाही. जवळ येऊन हळूच विचारलं, "सर, उत्तर किती यायला पाहिजे?"