चौथा मजला कुठे गेला?

भावजी : वहिनी, हे पाचवं अकाउंट. पाचवं! लोक इतक्या वेळा घरं बदलत नाहीत.

वहिनी : मी कुठे बदलतेय? मी आपली एका जागी बसलेय. मैत्रिणी बिऱ्हाड हलवतात, मग मागोमाग जावं लागतं.

भावजी : आणि दर वेळी सामान वाहायला दीर.

वहिनी : कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दीर घरात असताना बाहेरचा माणूस कशाला बोलवू? ती फ्रेम द्या इकडे. दांडी बसवायचीय, संध्याकाळी गिऱ्हाईक येईल.

भावजी : दुकानाच्या मागच्या खोलीत एका हातानं चष्मे, दुसऱ्या हातानं मैत्रिणी. दादाला माहितेय का, इथे काय चालतं?

वहिनी : तुमचे दादा इतक्या वर्षांत माझा ब्लॉग एकदाच वाचायला बसले. शीर्षकावरच डोळा लागला.

भावजी : बरं, ह्या वेळी कुणाच्या मागे? ती बागवाली का?

वहिनी : बागवाली केव्हाच गेली फोटोंच्या साइटवर. पूर्वी एका गुलाबावर दोन पानं लिहायची, आता कुंडीचा फोटो आणि खाली तीन शब्द. मास्तरीणबाईंनी तर लिहिणंच सोडलं. रेकॉर्ड करून टाकतात, ते कानात घालून ऐकायचं. काचा घासायच्या मशीनच्या आवाजात काय ऐकू येणार, कपाळ!

भावजी : तरी तुम्ही सगळीकडे हजेरी लावता.

वहिनी : लावते. जुनी साइट बंद पडली तेव्हा आम्ही एकमेकींना बजावलं होतं, कुठेही जा, पण पत्ता कळवा. सगळ्या कळवत राहिल्या. चौथ्या मजल्यानं तेवढा कळवला नाही.

भावजी : चौथा मजला? हे बाईचं नाव आहे?

वहिनी : ब्लॉगवरचं. खरं मला ठाऊक नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची आणि जिन्यात भेटणाऱ्या माणसांवर लिहायची. वाचून पोट दुखायचं हसून. आणि पहिली कमेंट कायम तिच्या नवऱ्याची, पलीकडच्या खोलीतून. 'चहा गार झाला, बाकी लेख बरा.'

भावजी : हा माणूस मला आवडला.

वहिनी : आम्हा सगळ्यांना आवडायचा. गेल्या वर्षी एक लेख आला, त्यावर त्याची कमेंट नव्हती. मग लेखच यायचे थांबले. मी ईमेल केले, उत्तर नाही. एक दिवस उघडून बघते तर ब्लॉगच काढून टाकलेला. माझ्याकडे काय बघता? पासवर्ड टाका.

भावजी : टाकतोय. मग ती ह्या नव्या ठिकाणी सापडली?

वहिनी : अगदी योगायोगानं. बागवालीनं कुणाचा तरी लेख पाठवला, वाच म्हणाली, मजेशीर आहे. नव्या घराचं दार फुगलंय, लागत नाही, एवढंच होतं त्यात. पण दुसऱ्याच परिच्छेदात मी ओळखलं. दाराला 'अहो' म्हणते हो! जुन्या घरात फ्रिजला म्हणायची. आता नाव घेतलंय तळमजला.

भावजी : मग अडलंय कुठे? लिहा, 'सापडलीस, लबाडे!'

वहिनी : तेच लिहिणार होते. त्याआधी म्हटलं, तिचं तिथलं पहिलंवहिलं काय आहे बघावं. दोनच ओळी आहेत. 'इथे मला कुणी ओळखत नाही. म्हणून इथे लिहायला जमेल असं वाटतंय.'

भावजी : अरेरे.

वहिनी : आता सांगा. सापडलीस म्हणू?

भावजी : नका म्हणू. पण मग अकाउंट कशाला? नुसतं वाचा की गुपचूप.

वहिनी : तिचं दार लागत नाहीये, भावजी. आणि खाली कमेंटमध्ये एकही जण धड काही सांगत नाही, सगळे हसरे चेहरे टाकून चालते होतात. कडेला मेणबत्ती घासली की दार सुरळीत लागतं. आपल्या काउंटरचा खण मी तसाच तर चालवते.

भावजी : म्हणजे ही सगळी उठाठेव एका मेणबत्तीसाठी. बरं, नाव काय घालू? जुनं 'चष्मेवाली' घातलं तर ओळखेल.

वहिनी : घाला काहीही.

भावजी : 'चोरपावली' घालू?

वहिनी : चावटपणा पुरे.

भावजी : थट्टा बाजूला ठेवतो. वेगळं नाव घेऊन तिच्या दारात उभं राहणं तुम्हाला बरं वाटतंय का?

वहिनी : नाही वाटत. पण तिनं विचारलं तर खरं सांगेन. ती विचारेपर्यंत मी नवीन.

(पुढच्या आठवड्यात, तीच मागची खोली.)

भावजी : दादा म्हणाला, तुमचं काहीतरी बिनसलंय. काल एका आजोबांना बायकांची फ्रेम बसवलीत म्हणे.

वहिनी : त्यांना शोभत होती.

भावजी : मेणबत्तीचं काय झालं?

वहिनी : लागू पडली. दार लागलं म्हणून तिनं लगेच कळवलं. आणि खाली विचारलं, 'आपण आधी एकमेकींना वाचलंय का?'

भावजी : मग?

वहिनी : मग काय, तुमच्यापाशी बोलले होते ना. सांगून टाकलं. हो म्हटलं, मी चष्मेवाली. नको असेन तर तसं सांग, पुन्हा येणार नाही. त्यानंतर तिचं एक अक्षर नाही. नवा लेखही नाही. कशीबशी लिहायला लागली होती बिचारी, मीच पळवलं तिला तिथूनही.

भावजी : म्हणजे सहाव्या अकाउंटची तयारी ठेवू?

वहिनी : आत्ता नको, भावजी.

भावजी : चुकलो. आज बघितलंत का?

वहिनी : सकाळपासून उघडलंच नाही. धीर होत नाही.

भावजी : सरका. मी बघतो.

वहिनी : वाईट असेल तर मोठ्यानं वाचू नका.

भावजी : वहिनी, आलंय काहीतरी.

वहिनी : वाचा. थांबा, नको. वाचा.

भावजी : 'चष्मेवाली, इतके दिवस तुझ्यावर चिडून बसले होते. आज उठले तर राग कुठे सापडेना. ह्यांचं काही विचारू नकोस. बाकीचं सगळं सांग.'

वहिनी : पुन्हा वाचा.

भावजी : 'ह्यांचं काही विचारू नकोस. बाकीचं सगळं सांग.' वहिनी? फडकं देऊ? काचा पुसायचं आहे, पण स्वच्छ आहे.

वहिनी : द्या. आणि उठा त्या खुर्चीवरून.

भावजी : अहो, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे.

वहिनी : तुम्ही बघा त्याला.

भावजी : मी? मला चष्म्यातलं काय कळतं?

वहिनी : हातात आरसा द्या आणि छान दिसतंय म्हणा. मला वेळ लागेल. वर्षभराचं सांगायचंय तिला.